छतावरची वीज आणि गावाची तार

आज आपण छतावरच्या सोलरबद्दल बोलणार आहोत. गेल्या वर्षभरात प्रत्येक गटाच्या बैठकीत हा विषय निघतोच. बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते वहीत लिहून झाले, की कुणीतरी विचारतं, "ताई, ते सोलर बसवावं का? बिल खरंच शून्य येतं का?"

आधी आमचीच एक फजिती सांगतो. निफाड तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या ताईंनी घरावर सोलर बसवलं. त्यांचं पापड-कुरडयांचं काम आहे, घरात घरघंटी आहे, त्यामुळे बिल बरंच यायचं. आम्हीच त्यांना म्हटलं होतं, घ्या, चांगलं आहे. सोलर सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता आणि भर दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, गावातली लाइट गेलीय आणि आमचीपण गेलीय. वर एवढं कडक ऊन, पॅनल तापलेत, अन् घरातला पंखा बंद. दळण अर्धं पडलंय. फसवलं का हो आपल्याला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ज्यानं बसवलं त्याला फोन केला तर तो म्हणाला, "असंच असतं." मग आम्ही गटातल्या चौघीजणी वीज कार्यालयात गेलो, वायरमन दादांना भेटलो, बारकाईनं सगळं विचारून घेतलं. ताईंना कुणी फसवलं नव्हतं, पण त्यांना पूर्ण सांगितलंही नव्हतं. त्यात आमचीही चूक होती. आज सांगतोय ते त्या दिवसापासून आम्ही शिकलो ते.

तारेला जोडलेलं सोलर म्हणजे काय?

सोलरचे दोन प्रकार आपल्या गावात दिसतात. एक शेतातला सौर पंप. तो विजेच्या तारेला जोडलेला नसतो. ऊन आलं की पंप चालतो, ऊन गेलं की थांबतो. दुसरं घराच्या छतावरचं, ज्याला सरकारी अनुदान मिळतं. हे महावितरणच्या तारेला जोडलेलं असतं. शेजारच्या शेतातला पंप लाइट नसतानाही चालतो, म्हणून आपलं घरही चालेल असं आपल्याला वाटतं. गैरसमज इथेच होतो.

आपल्या घरात येणारी वीज कुठून येते? नाशिकजवळ एकलहऱ्याला कोळशावर चालणारं वीज केंद्र आहे. इगतपुरीकडे वैतरणेच्या पाण्यावर वीज होते. अशी राज्यातली, देशातली सगळी केंद्रं तारांच्या एकाच मोठ्या जाळ्याला जोडलेली आहेत. त्या जाळ्याला ग्रिड म्हणतात. आपल्या गावाची डीपी त्याच जाळ्याचं एक टोक. आपण छतावर पॅनल लावून जोडणी घेतली, की आपलं घरही त्या जाळ्यातलं एक छोटंसं वीज केंद्र होतं.

पॅनलमधून जी वीज निघते ती बॅटरीसारखी, एकाच दिशेनं वाहणारी. घरातली उपकरणं त्यावर चालत नाहीत. म्हणून भिंतीवर इन्व्हर्टर बसवतात. तो ही वीज घरातल्या विजेसारखी, म्हणजे २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेणारी करतो. हे हेलकावे तारेतल्या विजेशी तंतोतंत जुळावे लागतात. जात्यावर दोघी बसल्या तर दोघींचा हात एका लयीत फिरावा लागतो ना, तसंच. इन्व्हर्टर ती लय गावाच्या तारेवरून घेतो.

लाइट गेली की सोलर का बंद होतं?

याचं पहिलं कारण आत्ताच आलं. तार बंद झाली की लय धरायला काही उरत नाही.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. समजा वारा-वादळात तार तुटली. वायरमन दादांनी डीपीवरून लाइन बंद केली आणि ते खांबावर चढले. त्याच वेळी आपल्या छतावरून वीज तारेत जात राहिली तर? ती उलटी डीपीपर्यंत जाईल. डीपीचं काम ११ हजार व्होल्टचे आपल्यासाठी कमी व्होल्ट करण्याचं. पण उलट्या बाजूनं वीज आली तर तीच डीपी आपली घरगुती वीज पुन्हा ११ हजार व्होल्टची करू शकते. खांबावरचा माणूस जागच्या जागी जाईल. तोही कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा असतो.

म्हणून तारेला जोडलेल्या प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये अशी सोय असते, की तारेतली वीज गेली की तो लगेच बंद होतो. लाइट परत आली की थोडा वेळ तपासून आपोआप सुरू होतो. हा बिघाड नाही, ते सुरक्षेसाठीच केलेलं आहे. "मी जुगाड करून चालू ठेवतो" असं कुणी म्हणालं तर त्याला घरात घेऊ नका. घरात जनरेटर असेल तर तोही अधिकृत माणसाकडून बदल करून घेतल्याशिवाय या जोडणीवर लावू नका.

लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल, तर बॅटरी जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. लाइट गेली की तो आधी बाहेरच्या तारेशी घराचा संबंध तोडतो आणि मग बॅटरीवर घर चालवतो. पण बॅटरीचा खर्च वाढतो आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. आमच्या ताईंनी हिशेब केला आणि बॅटरी घेतली नाही. लाइट असेल त्या वेळात दळण उरकायचं, असं त्यांनी ठरवलं. पण हा निर्णय त्यांना पैसे भरण्याआधी घेता आला असता, तर तो फोन आलाच नसता.

नेट मीटर म्हणजे आपलं पासबुक

दिवसा आपण शेतात, मुलं शाळेत. घरात फार तर फ्रीज चालू. पॅनल मात्र वीज बनवतंय. ही जास्तीची वीज तारेतून शेजारच्या घरी, समोरच्या दुकानात जाते. रात्री आपण तारेतून वीज घेतो. येणारी आणि जाणारी, दोन्ही मोजतो तो नेट मीटर. गटाच्या पासबुकात जमा आणि नावे असे दोन रकाने असतात, तसंच हे.

एक उदाहरण घेऊ. १ किलोवॅटच्या पॅनलमधून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. २ किलोवॅटला २४०. समजा दिवसा घरात ७० युनिट थेट वापरले. उरलेले १७० तारेत गेले, ते जमा. रात्री तारेतून १३० घेतले, ते नावे. १७० वजा १३०, म्हणजे ४० युनिट शिल्लक. ते पुढच्या महिन्यात वापरता येतात. मात्र स्थिर आकार भरावाच लागतो, म्हणून बिल अगदी शून्य येईल असं धरू नका.

शिल्लक युनिटचा हिशेब ३१ मार्चला पूर्ण होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, तेव्हाचे जमा युनिट पावसाळ्यात कामी येतात. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडच्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं, तिकडे पावसाळ्यात ढग हटत नाहीत. पण मार्चअखेर जे युनिट उरतात त्यांना मिळणारा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा कमी असतो. त्यामुळे वीज विकून श्रीमंत होऊ, या आशेनं गरजेपेक्षा मोठं सोलर बसवू नका. मागच्या १२ महिन्यांच्या बिलांवरचे युनिट बेरीज करा, १२ नं भागा. महिन्याला २०० युनिटच्या आसपास वापर असेल तर २ किलोवॅट पुरतं.

पैशाचं गणित

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. त्यासाठी पॅनल भारतात बनवलेले हवेत आणि बसवणारा योजनेत नोंदलेला हवा.

ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी आहे त्यांचं बिल मुळातच लहान असतं. कर्ज काढून सोलर घेतलं तर हप्ता बिलापेक्षा मोठा व्हायचा. अशा घरांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राज्य सरकारनं २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही योजना आणली. तिच्यात राज्य वेगळी भर घालतं. १ किलोवॅटसाठी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २,५०० रुपये, १०० युनिटच्या आतल्या सर्वसाधारण ग्राहकाला १० हजार आणि अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला ५ हजार रुपये भरावे लागतात. या योजनेत ठरावीक संख्येनंच घरं घेतली जातात, म्हणून आपल्या वीज कार्यालयात आधी चौकशी करा.

एक गोष्ट गटांनी विशेष लक्षात घ्यावी. सूर्यघरचं अनुदान नंतर, सोलर सुरू होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येतं. मधल्या काळात पैसे आपणच उभे करायचे. ३ किलोवॅटपर्यंत बँका तारणाशिवाय २ लाखांपर्यंत कमी व्याजानं कर्ज देतात. आधी तिकडे जा. गटाचं अंतर्गत कर्ज अनुदान येईपर्यंतच्या अडचणीसाठी ठेवा. पाच जणींनी एकदम सोलरसाठी गटातून कर्ज उचललं, तर सहावीच्या दवाखान्याला पैसे उरत नाहीत.

हप्त्याचा अंदाज सांगतो. ६० हजार रुपये ७ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर महिन्याला जवळजवळ १,२०० रुपये हप्ता बसतो. आपलं सध्याचं बिल आणि हा आकडा शेजारी-शेजारी लिहा. बिल मोठं असेल तर पुढे जा.

बिल कुणाच्या नावावर?

अर्ज त्याच्याच नावानं होतो, ज्याच्या नावावर वीजबिल आहे. आमच्या दोन गटांत पाहणी केली तर कितीतरी बिलं वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर निघाली. आधी ते नाव बदलावं लागतं. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराचा उतारा असे कागद जमवावे लागतात. मग मैत्रिणींनो, नाव बदलायचंच आहे तर कुणाचं लावायचं, हा प्रश्न घरात जरूर काढा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात, तसा शासन निर्णय आहे. बिल आपल्या नावावर असेल तर अनुदानही आपल्या खात्यात येतं. हप्ता आपण भरायचा आणि कागदावर आपण कुठेच नाही, असं पुन्हा एकदा होऊ देऊ नका.

क्रमानं काय करायचं?

पहिलं, बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक घेऊन पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी. मोबाईलवर जमत नसेल तर सेवा केंद्रात करा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळ्या तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही.

दुसरं, छत बघा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. पॅनलचं तोंड दक्षिणेला. पत्र्याचं घर असेल तर सांगाडा वजन आणि वारा सोसेल का, ते आधी तपासा.

तिसरं, तीन ठिकाणचे दर लेखी घ्या. त्यात अर्थिंग आणि वीज पडण्यापासून बचाव करणारी सळई आहे ना, ते पाहा. ५ वर्षांची देखभाल कागदावर लिहून घ्या.

चौथं, नेट मीटर बसल्याशिवाय सोलर चालू करू देऊ नका. आमच्या एका वहिनींकडे बसवणाऱ्यानं घाई केली, जुन्याच मीटरवर सोलर सुरू करून दिलं. पुढचं बिल कमी यायच्या ऐवजी वाढून आलं. काही जुन्या मीटरना आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही वापर म्हणूनच मोजतात.

पाचवं, तपासणी झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला पोर्टलवर आला का ते बघा आणि मगच अनुदानासाठी बँकेची माहिती भरा.

आणि रोजची काळजी. आपल्याकडे कांद्याची चाळ, मळणी, मुरमाचे रस्ते यांची धूळ पॅनलवर बसते आणि वीज कमी होते. पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, पॅनल थंड असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा. भर उन्हात गार पाणी ओतू नका. तारांना हात लावू नका. लाइट गेलेली असली तरी ऊन असेपर्यंत पॅनलच्या तारांत वीज असते. मुलांनाही हे सांगून ठेवा.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे छोटं गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. तिथे गावातल्या सगळ्या घरांवर सोलर आहे. सगळं गाव एकत्र बसलं, म्हणून ते झालं. आपणही एकटीनं सही करण्यापेक्षा गटात बसून कागद वाचूया.

त्या निफाडच्या ताई आता काय करतात सांगू? गटात कुणी सोलरचं नाव काढलं की त्याच आधी विचारतात, "लाइट गेल्यावर काय होतं, ते विचारलं का गं?" पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपलं वीजबिल घेऊन या. युनिट मोजूया आणि नाव कुणाचं आहे तेही बघूया.