ब्लूज गिटारवादन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात, तेथील आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेल्या ब्लूज या गीतप्रकाराशी निगडित असलेली वादनपद्धती. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, तरी मिसिसिपी राज्यातील कापसाच्या मळ्यांत वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीयांचे कर्ज व दारिद्र्य संपले नाही. शेतावरील आरोळ्या, श्रमगीते आणि धर्मगीते यांतून या लोकांचे नवे गीत घडले. टपालाने माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांमुळे गिटार स्वस्तात मिळू लागली आणि एकट्या गायकाचे साथीचे वाद्य म्हणून ती रुजली. डब्ल्यू. सी. हँडी यांची ‘द मेंफिस ब्लूज’ ही रचना १९१२ मध्ये प्रकाशित झाली. मॅमी स्मिथ यांच्या ‘क्रेझी ब्लूज’ या १९२० मधील ध्वनिमुद्रिकेने या गीतांना मोठा ग्राहकवर्ग मिळवून दिला.

रचना : ब्लूजचा सर्वांत रूढ आकृतिबंध बारा खंडांचा असतो. प्रत्येक खंडात चार, म्हणजे पूर्ण आवर्तनात ४८ मात्रा असतात. गीताच्या कडव्यात तीन ओळी असून दुसरी ओळ बहुधा पहिलीचीच पुनरावृत्ती असते. तिसरी ओळ त्यांना उत्तर देते. प्रत्येक ओळीला चार खंड मिळतात. परंतु शब्द साधारणपणे दोन-अडीच खंडांतच संपतात. उरलेल्या जागेत गिटार गायकाला प्रतिसाद देते. त्यामुळे येथे गिटार ही केवळ साथ नसून दुसरा आवाजच असते.

स्वरसंघात : तीन किंवा अधिक स्वर एकाच वेळी वाजविले असता होणाऱ्या स्वरसमूहास कॉर्ड किंवा स्वरसंघात म्हणतात. ब्लूजसाठी षड्ज, मध्यम व पंचम या स्वरांवर उभारलेले तीन स्वरसंघात पुरेसे होतात. आवर्तनातील पहिले चार खंड षड्जाचे, पाचवा व सहावा मध्यमाचे, सातवा व आठवा पुन्हा षड्जाचे, नववा पंचमाचा, दहावा मध्यमाचा आणि शेवटचे दोन षड्जाचे असतात. पुढील आवर्तनाकडे नेण्यासाठी बाराव्या खंडात अनेकदा पंचमाचा स्वरसंघात घेतात.

गिटारच्या तारा जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात; सर्वांत बारीक तार पहिली व सर्वांत जाड तार सहावी मानतात. ‘ई’ हा षड्ज धरल्यास मोकळ्या तारांचा भरपूर उपयोग होतो. म्हणून नवशिक्याला पुढील तीन स्वरसंघात सोयीचे ठरतात. ‘ई सेव्हन’मध्ये पाचवी तार दुसऱ्या पडद्यावर मध्यमेने आणि तिसरी तार पहिल्या पडद्यावर तर्जनीने दाबून सर्व तारा छेडतात. ‘ए सेव्हन’मध्ये चौथी व दुसरी तार दुसऱ्या पडद्यावर अनुक्रमे मध्यमेने व अनामिकेने दाबतात, सहावी तार छेडत नाहीत. ‘बी सेव्हन’मध्ये पाचवी तार मध्यमेने, तिसरी अनामिकेने व पहिली करंगळीने दुसऱ्या पडद्यावर, तर चौथी तार तर्जनीने पहिल्या पडद्यावर दाबतात, दुसरी तार मोकळी राहते व सहावी छेडली जात नाही. ‘ई सेव्हन’वरून ‘बी सेव्हन’कडे जाताना मध्यमा जागची हलत नाही, हे ध्यानी ठेवल्यास हा बदल सुकर होतो. बोट पडद्याच्या लगत मागे टेकवावे. पडद्यापासून दूर दाबल्यास तार झणझणते.

‘सेव्हन’ या शब्दाने स्वरसंघातात त्याच्या मूळ स्वरापासूनचा कोमल निषाद मिळविल्याचे सूचित होते. यूरोपीय अभिजात संगीतात असा स्वरसंघात प्रामुख्याने पंचमावर येतो आणि तो षड्जाकडे परतून शांत होण्याची अपेक्षा निर्माण करतो. ब्लूजमध्ये मात्र तिन्ही स्वरसंघात, षड्जाचादेखील, याच घडणीचे असतात; त्यामुळे विश्रांतीच्या स्थानीही ताण टिकून राहतो. शिवाय ‘ई सेव्हन’मध्ये शुद्ध गंधार असतो, तर ‘ए सेव्हन’मधील निषाद हा ‘ई’च्या दृष्टीने कोमल गंधार ठरतो. गायकाचा गंधार या दोहोंच्या दरम्यान घोटाळत राहतो. अशा स्वरांना ‘ब्लू नोट’ म्हणतात. ते साधण्यासाठी गिटारवादक तार पडद्यावर आडवी ओढतात. सतारीवरील मींडेशी या क्रियेचे साम्य आहे. सुरी किंवा काचेची नळी तारांवरून सरकवूनही हा परिणाम साधतात.

लय : ब्लूजमध्ये प्रचलित असलेल्या ‘शफल’ लयीत प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग कल्पून पहिला आघात दोन भागांचा व दुसरा एका भागाचा घेतात. स्वरसंघात बदलताना हात अडखळला, तरी मात्रा चुकू न देणे महत्त्वाचे असते. म्हणून प्रारंभी प्रत्येक खंडाच्या पहिल्या मात्रेवर एकच आघात द्यावा, बोटे स्थिरावल्यावर चारही मात्रा वाजवाव्यात आणि त्यानंतरच शफल लय धरावी.

हा आकृतिबंध म्हणजे अनुल्लंघनीय नियम नव्हे. एकट्याने गाणारे जुने कलावंत शब्दांच्या ओघानुसार खंड कमी-अधिक करीत. जॉन ली हुकर यांची ‘बूगी चिलन’ (१९४८) ही रचना तर एकाच स्वरसंघातावर चालते. अनेकांनी एकत्र वाजविताना मात्र बारा खंडांचा संकेत उपयोगी पडला. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आले. त्यांच्यासारख्या स्थलांतरितांनी विजेच्या गिटारवर, वाद्यवृंदासह, शहरी ब्लूज घडविला. १९५० नंतरच्या रॉक अँड रोल संगीताने हाच आराखडा उचलला. परस्परांना अपरिचित असलेले वादकही केवळ षड्ज ठरवून एकत्र वाजवू शकतात, ते या सामायिक आराखड्यामुळे. तीन स्वरसंघात आत्मसात केलेल्या नवशिक्यालाही त्यांच्यात सहभागी होता येते.