इन्स्पायर अवॉर्ड–मानक: आधी कल्पना, मग पैसे

सामानाला पैसे नाहीत म्हणून मुलांचा विज्ञान प्रकल्प अडला असेल, तर ही योजना जाणून घ्या. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या या योजनेत सुरुवातीला तयार मॉडेल मागत नाहीत. आधी कल्पना लिहून द्यायची. निवड झाली की १०,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. त्यातून मॉडेल बनवून ते जिल्हा प्रदर्शनात मांडायचे. पुढे राज्य आणि राष्ट्रीय फेरी असते.

कल्पना कशी असावी?

समजा, तुम्ही जयपूरच्या सांगानेरमध्ये राहता. तिथे छपाईचे कापड धुतल्यावर रंगीत पाणी उरते. वाळू-कोळशाची गाळणी पुस्तकात आहेच. तेवढीच पाठवली तर निवड कठीण. पण हे पाणी धुण्यासाठी पुन्हा वापरता येईल का, हे रंगावरून सांगणारी पट्टी मुलीने स्वतः सुचवली, तर ती तिची कल्पना. वर्गात ग्लासांमध्ये नमुने शेजारी ठेवून ती तपासताही येते. (गाळलेले पाणी स्वच्छ दिसले तरी पिऊ नये, विरघळलेली रसायने त्यात राहतात.) बाजारातून आणलेले मॉडेल चालत नाही.

नाव कोण पाठवते?

पालक नव्हे, शाळा. मुख्याध्यापक ऑनलाइन नामांकन करतात. शाळा सरकारी असो वा मान्यताप्राप्त खासगी, तिने नोंदणी केली आहे का, ते आधी विचारा. सहावी ते दहावीचे विद्यार्थी पात्र आहेत. अकरावी-बारावीसाठी चालू वर्षाची सूचना पाहा. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पासबुकावरून स्वतः ताडून घ्या.