खिडकीची दुरुस्ती : काच बदलण्याआधी पाण्याची वाट शोधा

वसई-विरार भागात जून ते सप्टेंबर हे चार महिने खिडकीची खरी परीक्षा असते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, नैर्ऋत्येकडून येणारा वारा आणि समुद्र, खाडी व मिठागरांवरून येणारी खारी हवा, या तिन्हींचा मारा एकाच वेळी होतो. वसई गाव, आगाशी, अर्नाळ्याकडील जुन्या घरांना अजूनही लाकडी खिडक्या आढळतात. याउलट १९९० च्या दशकात वसई रोड, नालासोपारा आणि विरारला ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या. त्यांतील पुष्कळ खिडक्या आता पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या आहेत. म्हणजे दुरुस्तीचे काम भरपूर आहे.

असे असूनही आपले अनेक कारागीर बंधू दुरुस्तीला कमी प्रतीचे काम समजतात. गिऱ्हाइकाने खिडकी गळते म्हटले की नवी खिडकी सुचवायची किंवा सिलिकॉनची नळी रिकामी करून मोकळे व्हायचे, अशी पद्धत पडली आहे. पहिल्या पावसात पाणी पुन्हा आत येते आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते. आमचे म्हणणे इतकेच आहे की, ज्याला दोष ओळखता येतो त्याची रोजी पक्की. म्हणून या लेखात नेहमीचे दोष, त्यांची कारणे व उपाय क्रमाने देत आहोत.

गळती : आधी परीक्षा, मग औषध

सरकती खिडकी पाणी पूर्णपणे अडवत नाही. थोडे पाणी खालच्या ट्रॅकमध्ये येणार हे धरूनच ती बनवलेली असते. ते पाणी ट्रॅकच्या बाहेरील बाजूच्या भोकांतून निघून जावे लागते. ही भोके धूळ, सिमेंट किंवा रंगाने बुजतात. कधी ती मुळात पाडलेलीच नसतात, तर कधी आधीच्या कारागिराने गळती थांबवण्याच्या नावाखाली त्यांवरच सिलिकॉन फासलेले असते. तेव्हा पहिले काम म्हणजे ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहणे. पाणी लगेच बाहेर गेले तर भोके ठीक आहेत. साचून राहिले तर भोके साफ करा, नसतील तर पाडा. पुष्कळ तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

भोके ठीक असूनही गळत असेल तर बाहेरून पाण्याची नळी धरून परीक्षा घ्यावी. सुरुवात खालून करावी. आधी उंबऱ्याच्या दगडावर, मग चौकटीच्या दोन्ही बाजूंना, मग डोक्यावर आणि शेवटी छज्जाच्या वर भिंतीवर, प्रत्येक ठिकाणी दहा-दहा मिनिटे पाणी सोडावे आणि एकाने आत उभे राहून पाहावे. एकदम वरून पाणी मारले तर सगळेच भिजते आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

या परीक्षेत साधारणपणे चार गोष्टी सापडतात. एक, ट्रॅकचे कोपऱ्यातील जोड उघडलेले असणे. दोन, चौकट आणि दगड यांमधील फट. तीन, उंबऱ्याच्या दगडाला बाहेरच्या बाजूस उतार नसणे. चार, खिडकीच्या वरच्या भिंतीला भेग असणे. यांपैकी चौथा दोष खिडकीचा नव्हे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याच्या गळतीची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी असते. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे. जे काम आपले नाही त्याचे पैसे घेतले तर दोषही आपल्याच गळ्यात पडतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला तर त्याचा दाब पाण्याला सुमारे १७ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या जवळपास, वर चढवतो. ट्रॅकची आतील कड यापेक्षा ठेंगणी असेल तर भोके साफ असूनही पाणी आत उसळणार. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हाचा वारा तर याहून जोराचा होता. अशा खिडकीवर सिलिकॉनचा इलाज चालत नाही. बाहेरून पावसाळी शेड लावणे किंवा आतील कड उंच असलेला ट्रॅक बसवणे हेच उपाय आहेत. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूच्या खिडक्यांना हा त्रास अधिक होतो.

सिलिकॉन कोणते आणि कुठे

लावताना सिरक्यासारखा उग्र वास येणारे सिलिकॉन स्वस्त असते आणि काचेला चांगले धरते. पण ते सुकताना आम्ल सोडते. सिमेंट, दगड आणि धातू यांवर ते टिकत नाही, उलट धातूला खाते. चौकट आणि भिंतीच्या फटीसाठी न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉनच वापरावे. जुने सिलिकॉन खरवडून काढावे, जागा पुसून पूर्ण कोरडी करावी, मगच नवे भरावे. ओल्या किंवा धुळीच्या जागेवर लावलेले सिलिकॉन एका हंगामात सुटते. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये उरकणे उत्तम.

जड सरकणारी खिडकी

पाच मिलिमीटर जाडीची, चार फूट बाय दोन फुटाची काच सव्वानऊ किलोच्या आसपास भरते. शटरच्या सेक्शनचे वजन वेगळे. हा सगळा भार खालच्या दोन रोलरवर असतो. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी बेअरिंगचे रोलर गंजून अडकतात, मग गिऱ्हाईक जोर लावते आणि ट्रॅकचा रूळ झिजतो.

शटर वर उचलून खालची कड आत ओढली की निघते, मात्र आधी आतले शटर काढावे. वरच्या मजल्यावर हे काम एकट्याने कधीही करू नये. शटरला दोरी बांधावी आणि खाली रस्त्यावर माणूस उभा करावा. रोलरची मापे निरनिराळी असतात, म्हणून जुना रोलर नमुन्यासाठी दुकानात न्यावा व शक्यतो स्टेनलेस बेअरिंगचा घ्यावा. रूळ झिजला असेल तर त्यावर बसणारी स्टीलची पट्टी लावता येते. त्यामुळे अख्खी चौकट काढण्याचा खर्च वाचतो. ट्रॅकमध्ये तेल किंवा ग्रीस घालू नये, त्यावर धूळ बसून लगदा होतो. सुक्या ब्रशने साफ करून मेणबत्ती घासली तरी पुरते.

शटर पुन्हा बसवल्यावर वरच्या बाजूचा अडथळा, म्हणजे शटर उचलून बाहेर निघू नये म्हणून असलेला तुकडा, जागेवर लावलाच पाहिजे. तो विसरला तर वाऱ्यात शटर खाली पडून कोणाचा जीव जाऊ शकतो.

लोखंड, लाकूड आणि काच

ॲल्युमिनियमच्या खिडकीत साधे लोखंडी स्क्रू मारू नयेत. खारी ओल मिळाली की दोन धातूंच्या संगतीने स्क्रूभोवती पांढरी भुकटी येते आणि भोक मोठे होऊन पकड सुटते. स्टेनलेस स्क्रूला काही पैसे जास्त पडतात, पण काम टिकते. ओले सिमेंटही ॲल्युमिनियमला खाते. प्लास्टर करताना सेक्शनवर पट्टी चिकटवावी, उडालेले सिमेंट लगेच पुसावे.

लोखंडी खिडकीचा गंज फुगतो आणि त्या दाबाने काच तडकते. नुसती काच बदलली तर नवीही तडकेल. आधी सुटी झालेली लांबी काढावी, गंज खरवडून पॉलिश पेपर मारावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा, मगच काच बसवावी.

लाकडी खिडकी पावसात अडकते तेव्हा लगेच रंधा मारू नये. जुलैत तासलेली झडप हिवाळ्यात सैल होते आणि फट पडते. प्रथम बिजागऱ्या पाहाव्यात. स्क्रू सैल होऊन झडप खाली बसलेली असते हेच पुष्कळदा कारण असते. भोकात लाकडाची खुंटी सरसाने ठोकून स्क्रू नव्याने मारावेत. झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग नसेल तर तिथूनच लाकूड पाणी पिते. कोरडे झाल्यावर त्या कडांना रंग द्यावा.

काच कापताना चौकटीचे माप वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी घ्यावे, सर्वांत लहान माप धरावे. चारही बाजूंना साधारण एक सूत जागा सोडावी व काच रबराच्या दोन तुकड्यांवर टेकवावी. धातूला थेट टेकलेली काच उन्हात तडकते. टफन काच तयार झाल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही. तिचे माप चुकले तर पूर्ण नुकसान आपले.

ग्रिलबद्दल एक सूचना आहे. बंद पेटीसारखी ग्रिल बसवताना एक भाग आतून उघडणारा ठेवावा आणि त्याची किल्ली जवळच टांगण्यास सांगावे. आग लागली तर तोच बाहेर पडण्याचा मार्ग असतो. गिऱ्हाईक नको म्हणाले तरी आपण आग्रह धरावा.

धंद्याच्या दृष्टीने

दुरुस्तीत भांडवल थोडे लागते. रोलर, लॉक, रबर, ब्रशची पट्टी, स्टेनलेस स्क्रू आणि चांगले सिलिकॉन एवढा माल पिशवीत असला की बहुतेक कामे एका फेरीत होतात. पाहणीचे शुल्क आधीच सांगावे आणि काम मिळाल्यास ते मजुरीत वळते करावे. बिलात साहित्य आणि मजुरी वेगळी लिहावी. हमी कशाची आहे तेही लेखी द्यावे. जे बदलले त्याची हमी द्यावी, भिंतीच्या भेगेची देऊ नये.

एक वही ठेवून प्रत्येक इमारतीचे सेक्शन, रोलर आणि काचेची जाडी यांची नोंद करावी. एका इमारतीत बहुधा सगळ्या खिडक्या सारख्याच असतात. एका घरचे काम नीट झाले की शेजारच्या कामाचे माप आपल्या वहीत तयार असते. संस्थेच्या सचिवांना मार्चमध्येच भेटून सर्व खिडक्यांची पावसाळ्यापूर्वीची तपासणी ठरवता येईल. सुट्या कामापेक्षा अशा कामात मजुरी कमी मिळते, पण रोज नक्की मिळतो.

नवी खिडकी एकदा विकली की ते गिऱ्हाईक पुष्कळ वर्षे परत येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र दर पावसाळ्यापूर्वी बोलावणे येते. जिथे भोक साफ करून भागते तिथे तेवढेच करून तेवढेच पैसे घेणारा कारागीर त्या इमारतीचा कायमचा माणूस होतो. धंद्यातील बरकत याच विश्वासात आहे, हे आपल्या तरुण कारागिरांनी ध्यानात ठेवावे.