फेसचा वकील, रोमचा कैदी

१० मार्च १५२६ रोजी रोममध्ये आफ्रिकेच्या भूगोलावरचा एक ग्रंथ लिहून पूर्ण झाला. हस्तलिखिताची पानं नऊशेच्या वर. भाषा इटालियन, तीही लेखकाने मोठेपणी, परमुलखात शिकलेली. त्याचं मूळ नाव अल-हसन इब्न मुहम्मद अल-वज्जान. मोरोक्कोतल्या फेसच्या सुलतानाचा हा वकील रोमला पोचला तो चाच्यांचा कैदी म्हणून. युरोपने त्याला लिओ आफ्रिकानस म्हटलं आणि सहाराच्या मुलखाविषयी काही जाणून घ्यायचं तर पुढची दोन-अडीच शतकं त्याच्याच पुस्तकाकडे धाव घेतली.

त्याचा जन्म ग्रॅनडाचा. १४९२मध्ये स्पेनच्या राजाराणीने ते शहर घेतलं, त्या सुमारास घरच्यांनी समुद्र ओलांडून फेस गाठलं. हसन तिथेच वाढला, शिकला. विद्यार्थीदशेत त्याने वेड्यांच्या इस्पितळात दोन वर्षं कारकुनी केली, महिना तीन दुकात, म्हणजे सोन्याची तीन नाणी, या पगारावर. राजदरबारी वावरण्याचे धडे मात्र त्याला काकांकडून मिळाले. सुलतानाने काकांना टिंबक्टूकडे वकिलातीवर धाडलं, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा पुतण्या सोबत होता. वाटेत अ‍ॅटलासच्या डोंगरातल्या एका सरदाराने काकांना बोलावणं पाठवलं. त्यांना वाकडी वाट करायला सवड नव्हती. त्यांनी पोराच्या हाती नजराणा आणि सरदाराच्या स्तुतीची स्वतः रचलेली कविता दिली. पोराने वाटेत आपलीही एक कविता जुळवली. सरदाराला अरबी धड येत नव्हती, दुभाषा ओळीओळीचा अर्थ सांगत होता. परत निघताना काकांसाठी सोनं मिळालं आणि पोराला घोडा. वकिली कशी चालते याचा याहून चांगला पहिला धडा कुठला असणार?

पुढे तो स्वतः सुलतानाच्या कामांवर फिरू लागला. मोरोक्कोच्या बंडखोर टोळ्या, अल्जीरिया, ट्युनिस, इस्तंबूल, कैरो. १५१७मध्ये तुर्कांचा सुलतान सलीम याने इजिप्त जिंकलं, त्या धामधुमीत तो तिथेच होता. या प्रवासांत त्याची नजर तयार झाली, आणि मला त्याच्या पुस्तकात सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच नजर. टिंबक्टूत उंटावरचं मिठाचं ओझं ऐंशी दुकातांना विकलं जाताना त्याने पाहिलं, आणि तो आकडा ध्यानात ठेवला. तिथल्या बाजारात उत्तरेकडून येणाऱ्या हस्तलिखित ग्रंथांवर इतर कुठल्याही मालापेक्षा जास्त नफा सुटतो, हेही त्याने टिपलं. फेसच्या हमालांबद्दल तर तो मन लावून लिहितो. त्यांचा एक म्होरक्या असतो, कोणत्या आठवड्यात कोणी कामावर जायचं हे तो ठरवतो. मजुरी एका पेटीत जमा होते, आठवडा संपला की कामावर असलेल्यांत वाटली जाते. हमाल वारला तर त्याच्या विधवेला ती दुसरं लग्न करीपर्यंत आणि मुलांना ती हाताशी येईपर्यंत बाकीचे सांभाळतात. राजांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ झाले. हमालांच्या पेटीपर्यंत पोचणारा वकील विरळाच.

१५१८मध्ये मायदेशी परतताना भूमध्य समुद्रात स्पॅनिश चाच्यांनी त्याला पकडलं. पकडणारा पेद्रो दे बोबादिल्या एका बिशपचा भाऊ. एवढा शिकलेला, दरबारांची माहिती असलेला कैदी बाजारात विकण्यापेक्षा पोप दहावा लिओ याला नजर करणं त्याला फायद्याचं वाटलं. या पोपला दूरदेशीच्या भेटींचं फार अप्रूप. दोनच वर्षांपूर्वी गुजरातच्या सुलतानाचा, गोव्याहून लिस्बनला गेलेला गेंडा पोर्तुगालच्या राजाने त्याच्याकडे धाडला होता. तो इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. हसनला सांत'आंजेलोच्या किल्ल्यात ठेवलं. तिथे त्याला वाचायला व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली अरबी हस्तलिखितं दिल्याच्या नोंदी आहेत. ६ जानेवारी १५२० रोजी सेंट पीटरमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पोपने त्याला स्वतःचंच नाव दिलं.

तो मनाने ख्रिस्ती झाला होता का, यावर अभ्यासक वाद घालत आले आहेत. मला त्याची बाप्तिस्म्यानंतरच्या सात वर्षांतली कामं जास्त बोलकी वाटतात. एका कार्डिनलसाठी त्याने कुराणाचं लॅटिन भाषांतर तपासलं. बोलोन्यात याकोब मांतिनो या ज्यू वैद्यासाठी अरबी-हिब्रू-लॅटिन शब्दकोश हाती घेतला. त्यातले हिब्रू आणि लॅटिनचे बरेच रकाने रिकामेच राहिले. आणि मग हा ग्रंथ. त्यात त्याने इस्लामवर आग पाखडली नाही आणि यजमानांनाही दुखावलं नाही. रोममध्येही तो वकीलच राहिला, फक्त पाठीशी राजा नव्हता.

आफ्रिकी लोकांचे दोष सांगून झाल्यावर तो एका पक्ष्याची गोष्ट सांगतो. पक्ष्यांचा राजा कर मागायला आला की हा पाण्यात शिरून मासा होतो. माशांच्या राजाने मागितला की पुन्हा पक्षी. आपणही तसंच करू, आफ्रिकेला नावं ठेवली तर ग्रॅनडाचे होऊ आणि ग्रॅनडाला ठेवली तर आफ्रिकेचे, असं तो म्हणतो. यावरून त्याला संधिसाधू ठरवणं मला पटत नाही. तिथेच, या गोष्टीच्या आधी, तो मित्राला फटके मारावे लागलेल्या, आणि ते जोरानेच मारणाऱ्या, जल्लादाची गोष्ट सांगतो. आपल्या माणसांबद्दल कडू खरं लिहिताना त्याला झालेला त्रास या दोन गोष्टींत मिळून दिसतो.

१५५०मध्ये व्हेनिसला प्रवासवर्णनांचा संपादक रामुस्यो याने ग्रंथ छापला, पण भाषा घासूनपुसून. मुळात तो स्वतःला ‘ग्रंथकर्ता’ म्हणतो, छापील पुस्तकात त्याचा ‘मी’ झाला. फ्रेंच, लॅटिन आणि १६००मधलं इंग्रजी भाषांतर याच छापील पुस्तकावरून निघालं. मूळ इटालियन हस्तलिखित १९३१मध्ये रोममध्ये पुढे आलं, आणि त्यावरून केलेलं इंग्रजी भाषांतर २०२३मध्ये. मधल्या काळात अमीन मालूफने १९८६मध्ये त्याच्यावर कादंबरी लिहिली, २००६मध्ये नॅटली झेमन डेव्हिस यांनी चरित्र.

१५२७मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं. त्या सुमारास तो तिथून निघाला. १५३२मध्ये तो ट्युनिसमध्ये असल्याचा उल्लेख एका जर्मन विद्वानाने केला आहे. तीनच वर्षांनी त्याच चार्ल्सच्या फौजेने ट्युनिसही लुटलं. आयुष्य पुरलं तर आशियात आणि युरोपात पाहिलेले मुलूखही लिहून काढीन, असं त्याने ग्रंथात म्हटलं होतं. आफ्रिकेबद्दल युरोपला सांगून झालं होतं. युरोपबद्दल त्याने आपल्या लोकांना काय सांगितलं असतं, ते पुस्तक मात्र आजवर कुठे सापडलेलं नाही.