कागदाचे बळ आणि मक्याची खळ

परभणी आणि पूर्णा यांच्यामधल्या लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावात साबण, बिस्किटे, औषधे ज्या तपकिरी खोक्यांतून येतात, त्यांचा कागद बहुधा ताज्या लाकडाचा नसून आधीच्या खोक्यांच्या रद्दीपासून पुन्हा केलेला असतो. वारंवार भिजलेल्या, कुटल्या गेलेल्या आणि वाळलेल्या तंतूंचा हा कागद पुन्हा वजन कसे पेलतो, याचे उत्तर गिरणीतील अवाढव्य यंत्रापेक्षा त्याच्या बाजूला असलेल्या, स्टार्च शिजवण्याच्या टाकीपाशी अधिक सापडते.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची चटई असून तिला शिवण नसते. लगदा वायरवर, म्हणजे बारीक छिद्रांच्या फिरत्या जाळीवर, सोडला जातो तेव्हा त्यात तंतूंचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते आणि बाकी सारे पाणी असते. हे पाणी गळून, दाबून आणि शेवटी वाफेवर तापलेल्या ड्रायरवर उडून जाताना पृष्ठताणामुळे तंतू एकमेकांकडे ओढले जातात आणि जिथे ते भिडतात तिथे हायड्रॉजन बंध, म्हणजे रेणूंमधले दुबळे पण संख्येने अगणित आकर्षण, तयार होतात. रद्दीच्या लगद्यात अडचण अशी की एकदा वाळलेल्या तंतूच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रे मिटतात, तो पूर्वीइतके पाणी पीत नाही आणि ताठर राहिल्यामुळे शेजाऱ्याला नीट बिलगत नाही. तंतू अधिक कुटून हा दोष काहीसा भरून काढता येतो. पण त्यामुळे तंतू आणखी आखूड होतात, वायरवर पाणी गळायला वेळ लागतो आणि यंत्राचा वेग उतरतो. म्हणून तंतूवर जुलूम करण्यापेक्षा दोन तंतूंमधला सांधा भक्कम करणे शहाणपणाचे ठरते, आणि स्टार्च नेमके तेच काम करतो.

मक्याचा स्टार्च पाण्यात कालवल्यावर दुधासारखा पांढरा दिसतो, कारण त्याचे कण अजून अखंड असतात. वाफ सोडून तापमान वाढवले की साधा मक्याचा स्टार्च साठ ते सत्तर अंशांच्या दरम्यान फुगू लागतो, दूध दाट होते आणि पुढे ते हळूहळू पारदर्शक होत जाते. तरीही नव्वद अंशांच्या वर काही वेळ शिजवल्याशिवाय काम पुरे होत नाही. अर्धवट शिजलेला कण तंतूला धरत नाही, एक तर तो पाण्याबरोबर निघून जातो किंवा कागदावर ठिपका होऊन उरतो. शिजलेली खळ थंड होऊन फार काळ पडली की घट्ट होते, जीवाणूंमुळे आंबते आणि तिचा वास गिरणीभर पसरतो, त्यामुळे ती ताजी आणि पातळ करून वापरावी लागते. बारकाईने पाहिले तर हे काम रसायनशाळेपेक्षा स्वयंपाकघराच्या शिस्तीचे आहे.

मात्र साधी खळ लगद्यात मिसळली तर तिचा बराचसा भाग वायरखालच्या पाण्यातून वाहून जातो. पाण्यात तंतूंवर ऋणभार असतो, म्हणून स्टार्चच्या रेणूला धनभारित गट जोडून त्याचा कॅटायनिक, म्हणजे धनभारित, स्टार्च केला जातो आणि तो आपणहून तंतूला चिकटतो. टनामागे साधारण पाच ते पंधरा किलो एवढी मात्रा पुरते. रद्दीतील जुनी शाई, डिंक आणि सांडपाण्यात साठलेले ऋणभारित द्रव्य त्यातला वाटा आधीच खाऊन टाकते, ही या धंद्यातली खरी डोकेदुखी होय. वायरखालचे पाणी गढूळ दिसू लागले, फेस वाढला, की अनुभवी कामगाराला स्टार्च कागदात न जाता पाण्यात चालल्याची शंका येते. अशा वेळी मात्रा वाढवत नेणे हा उपाय नव्हे, कारण भार गरजेपेक्षा अधिक झाला की तंतूंचे गोळे होतात आणि कागद विरळ-दाट पडतो.

तयार कागदाची परीक्षा बीएफवर, म्हणजे बर्स्ट फॅक्टरवर, होते: कागद रबरी पडद्यावर घट्ट आवळून खालून दाब वाढवतात आणि तो ज्या दाबाला फुटतो तो प्रति चौरस सेंटिमीटर ग्रॅममध्ये मोजून त्याला कागदाच्या प्रति चौरस मीटर वजनाने, म्हणजे जीएसएमने, भागतात. १२० जीएसएमचा कागद प्रति चौरस सेंटिमीटर २.४ किलोग्रॅम दाबाला फुटला, तर त्याचा बीएफ २० भरतो, आणि खोके करणारे कारखाने याच आकड्यावर भाव ठरवतात.

कागदासाठी खळीचा उपयोग मराठवाड्याला नवा नाही. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली, त्या काळाशी जवळच्या कागजीपुऱ्याचा संबंध जोडला जातो. तिथल्या हातकागदाच्या परंपरेत ताव वाळल्यावर त्यावर खळ चढवून दगडाने घोटण्याची रीत होती. ती खळ मुख्यतः पृष्ठभागासाठी, शाई पसरू नये म्हणून होती, आजची लगद्यात जाते. फरक एवढा आणि मोठा आहे.

पाणी लागले की मात्र स्टार्चचे हे बळ ओसरते, कारण हायड्रॉजन बंध पाण्यात सुटतात आणि साधा भिजलेला कागद आपल्या ताकदीचा अगदी थोडा अंश राखतो. चहाच्या पुड्या, नोटा, नॅपकिन यांना म्हणून ओले बळ देणारी राळ लागते. पूर्वी यासाठी युरिया-फॉर्मल्डिहाइड आणि मेलामाइन-फॉर्मल्डिहाइड वापरत, पण त्यांना आम्लधर्मी पाणी लागे. १९६० च्या सुमारास आलेली पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन राळ उदासीन पाण्यातही चालते, ड्रायरवर तंतूंभोवती न विरघळणारे जाळे विणते आणि कागद गुंडाळल्यानंतरही काही दिवस पक्की होत राहते. कोरड्या मालाच्या खोक्यांना अशी राळ घालणे अनाठायी आहे, कारण जो गुण वापरात उपयोगी तोच पुनर्वापरात आड येतो: तिचा कागद साध्या पाण्यात फुटत नाही, त्याचा लगदा करायला उष्णता आणि अल्क किंवा ऑक्सिडीकारक रसायन लागते, आणि सामान्य रद्दीत तो मिसळला तर त्याचे न फुटलेले तुकडे चाळणीत अडकून बाहेर टाकावे लागतात.