साचते ते आणि साठवतात ते

नाल्यातला गाळ, ठेवीवरचे व्याज आणि फुफ्फुसातले पाणी, या तिन्हींना इंग्रजीत ‘अक्युम्युलेट’ हे एकच क्रियापद चालते. मराठी मात्र आधी पाहते, की यात माणसाचा हात आहे का? गाळ, शेवाळ, राग, रखडलेली कामे ‘साचतात’; धान्य आपण ‘साठवतो’. यावर कोणी म्हणेल, पै-पै ‘साचवली’ असेही बोलतात, मग भेद कुठे राहिला? तो ‘व’मध्ये राहिला. हे प्रयोजक रूप येताच साचवणारा येतो. नुसत्या ‘साचणे’ला साचवणाऱ्याची गरज नसते. म्हणूनच ‘साचलेले पाणी’ म्हटले की डासच आठवतात.

नामांत ही नजर आणखी बारीक होते. नांदेड, हिंगोली आणि नागपूरकडचे रस्ते जिथे एकत्र येतात, त्या वारंगा फाट्याभोवतीचा मुलूख शेतीचा. तिथल्या शेतकऱ्याच्या बोलीत खळ्यावर धान्याची ‘रास’ पडते, कडब्याची ‘गंजी’ रचली जाते, दगडांचा मात्र ‘ढीग’च. रास पुजली जाते, ढीग उपसला जातो. धान्य साठवायचे जमिनीखालचे ‘पेव’ आता फारसे दिसत नाही, पण एखाद्या गोष्टीचे एकाएकी ‘पेव फुटते’ तेव्हा ते भाषेत जिवंत असते. म्हणून इंग्रजी शिकवताना ‘अक्युम्युलेट’चा अर्थ मुलांना ‘जमा होणे’ एवढाच सांगून थांबू नका. शेजारी ‘साचणे’ आणि ‘साठवणे’ही लिहून द्या.