कंपनी बुडाली तर आधी पैसे कुणाला? भारत, चीन आणि इंडोनेशियात दिवाळखोरीचे कायदे कसे घडले

१७ एप्रिल २०१९. जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं आणि कंपनी थांबली. जून महिन्यात प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली गेलं. या कायद्यात कमाल मुदत ३३० दिवसांची. प्रत्यक्षात ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता विकून कंपनी बंद करण्याचा आदेश दिला. म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ गेला. तोवर कर्मचारी थकलेल्या पगारासाठी लढत होते.

मग हा कायदा आणला कशासाठी? आणि इतर देशांत काय होतं? समजून घेऊया.

आधी काय होतं?

१९८५मध्ये भारतात 'आजारी' उद्योगांसाठी कायदा झाला आणि त्यातून बीआयएफआर हे मंडळ आलं. मुंबईतल्या अनेक कापड गिरण्यांची प्रकरणंही त्याच्यापुढे गेली. पण अडचण अशी की, प्रकरण मंडळाकडे गेलं की बँकांची वसुली थांबायची आणि मालक मात्र खुर्चीवर कायम राहायचा. वर्षं जायची, यंत्रं गंजायची. बँकांसाठी १९९३ आणि २००२मध्ये वसुलीचे वेगळे कायदे झाले, पण बुडीत कर्जं वाढतच गेली.

२०१६मध्ये काय बदललं?

टी. के. विश्वनाथन समितीच्या अहवालानंतर २०१६मध्ये दिवाळखोरी संहिता, म्हणजे आयबीसी आली. यातला मोठा बदल म्हणजे ताबा. प्रकरण एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) दाखल करून घेतलं की संचालक मंडळ बाजूला होतं आणि कारभार एका व्यावसायिकाकडे जातो. कंपनी कुणाला विकायची हे कर्जदात्यांची समिती मतदानाने ठरवते.

पण कायदा तिथे थांबला नाही. पळवाट दिसली की दुरुस्ती, असंच चालत आलंय.

कर्ज बुडवलेले मालकच स्वस्तात कंपनी परत घेतील, अशी भीती होती. म्हणून नोव्हेंबर २०१७मध्ये कलम २९-अ आणून अशा प्रवर्तकांना बोलीपासून रोखलं. बिल्डर बुडाले तेव्हा घर घेणाऱ्यांना बँकांसारखं स्थान नव्हतं, ते २०१८मध्ये मिळालं. पुढे त्यालाही अट लागली: एकाच प्रकल्पातले किमान १०० किंवा १० टक्के ग्राहक एकत्र आले तरच अर्ज करता येतो.

एस्सार स्टीलच्या प्रकरणात वाद झाला तो वाटपाचा. अपील न्यायाधिकरणाने बँका आणि माल पुरवणाऱ्यांना समान वाटा द्यायला सांगितलं. नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि वाटप ठरवण्याचा अधिकार समितीचाच असल्याचं सांगितलं.

चीनमध्ये प्रश्न कामगारांचा

चीनचा पहिला कायदा १९८६चा आणि तो फक्त सरकारी कंपन्यांसाठी होता. नव्या कायद्याचा मसुदा १९९४मध्ये सुरू झाला आणि मंजुरी मिळाली २००६मध्ये. एवढा उशीर होण्यामागे एक मोठा वाद होता: कंपनी बुडाली तर आधी पैसे कामगारांना द्यायचे की तारण घेतलेल्या बँकांना? शेवटी तडजोड झाली. कायदा जाहीर होण्याआधीच्या थकीत पगाराला तारणापेक्षाही वरचं स्थान मिळालं. त्यानंतरच्या देण्यांमध्ये मात्र तारणावर पहिला हक्क बँकेचा.

इंडोनेशियाचा उलटा अनुभव

इंडोनेशियात डच काळातला दिवाळखोरी कायदा होता. १९९७-९८च्या आशियाई संकटात नाणेनिधीच्या दबावाखाली तो घाईने बदलला गेला आणि वेगळी व्यापारी न्यायालयं आली. पण अर्जासाठी दोन धनको आणि मुदत उलटलेलं एक देणं एवढंच पुरेसं होतं. कंपनी खरंच कंगाल आहे का, हे तपासण्याची अटच नव्हती. २००२मध्ये मॅन्युलाईफची तिथली विमा कंपनी सुस्थितीत असूनही दिवाळखोर ठरवली गेली. वरच्या न्यायालयाने महिन्याभरात तो निकाल फिरवला. २००४च्या नव्या कायद्यात विमा कंपनीविरुद्ध अर्ज करण्याचा अधिकार फक्त अर्थमंत्र्यांकडे ठेवण्यात आला.

यातून काय कळतं?

तिन्ही देशांत कायदा संकटातून किंवा चुकीतून पुढे सरकलाय. भारतात मालकाला हटवणं कठीण होतं, चीनमध्ये कामगारांना वाऱ्यावर सोडणं, तर इंडोनेशियात चालू कंपनी बुडवणं सोपं झालं होतं. ज्याचा जिथे त्रास झाला, तिथे तसं कलम आलं.

पण कलमं लिहिली तरी निकाल द्यायला माणसं लागतात. न्यायाधिकरणात सदस्य कमी आणि प्रकरणं जास्त असतील, तर ३३० दिवस कागदावरच राहतात. उशीर झाला की कंपनीची किंमत घटते आणि रांगेत मागे असलेल्यांच्या हाती काहीच उरत नाही.

तुमच्यावर वेळ आली तर?

भारतात कंपनी बंद करून पैसे वाटताना प्रक्रियेचा खर्च आधी जातो. त्यानंतर कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेले कर्जदाते एकाच पायरीवर येतात. इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार त्याखाली. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम मात्र या वाटपाबाहेर असते.

तुमची कंपनी किंवा बिल्डर या प्रक्रियेत गेला, तर आधी जाहीर सूचना निघते. त्यात दावा दाखल करण्याची तारीख असते. पगाराच्या स्लिपा, करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या जोडून त्या तारखेआधी दावा दाखल करा. ज्याचा दावा नोंदलेला नाही, त्याची थकबाकी हिशेबाबाहेर राहण्याची भीती असते.